कोलमच्या डब्याची लिंक

मामींच्या स्वयंपाकघरात डब्यावर जे लिहिलेलं असे ते डब्यात नसे, हे मला चेन्नईतल्या पहिल्याच सकाळी कळलं. मामी देवळात गेल्या होत्या, मामा वर्तमानपत्रात होते आणि मला कॉफी हवी होती. फळीवर कॉफीचा म्हणून मोठा लाल डबा होता. त्यातली पूड मी पितळी फिल्टरमध्ये दाबून भरली, वर उकळतं पाणी ओतलं आणि वाट बघत बसले. खाली थेंबही उतरेना. झाकण काढून पाहिलं तर आत राखाडी लगदा. तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी फिल्टरचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "कापी नव्हे गे तें, डांगर. उडदाचं पीठ. कापी बिस्किटाच्या डब्यांत असतें." मग बिस्किटं कुठे असतात, असं मी विचारलं. "बिस्किटं कोण खातो इथें?" असं म्हणून त्यांनी फिल्टर घासायला माझ्याच हातात दिला.

मामा आणि मामी माझे कुणी लागत नव्हते. मिरजेहून नोकरीसाठी निघाले तेव्हा वडिलांच्या ओळखीतल्या कुणीतरी नुंगंबाक्कमच्या एका गल्लीतला हा पत्ता दिला: पहिल्या मजल्यावरचं घर, मागच्या बाजूला रिकामी खोली, आणि मुख्य म्हणजे घरमालक मराठी. ते मराठी होते, पण तंजावरचे. त्यांचे पूर्वज कधी तिकडे गेले हे मामांना तोंडपाठ होतं आणि मामींना त्यात काडीचा रस नव्हता. मामा बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, उंच, हडकुळे, आणि वर्तमानपत्राच्या मागून बोलणारे. त्यांची मराठी ऐकताना शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला एखादा सरदार नळावर पाणी भरायला आलाय असं वाटायचं, आणि त्या सरदाराचा हेल मात्र पक्का तमिळ. माझ्या मराठीबद्दल मामींचं मत त्याहून वाईट होतं. "तूं बोलतेस तें पळून जातें गे," त्या म्हणायच्या. "थांबून बोल. आम्ही कुठें जात नाहीं."

त्या घराचा दिवस आवाजांवर चालायचा. पहाटे दारापुढे पाण्याचा सपका, मग मामींच्या बांगड्या, म्हणजे कोलम काढणं चालू. आपण जिला रांगोळी म्हणतो तिला तिथे कोलम म्हणतात, आणि ती तांदळाच्या पिठाची असते. मग ओल्या ग्राइंडरची घरघर, ज्यात इडलीचं पीठ फिरत असताना कुणाचंही कुणाला ऐकू येत नसे आणि म्हणून मामा-मामींची भांडणं नेमकी त्याच वेळी होत. मग खालून फुलवालीची "मल्ली पू" अशी लांबवलेली हाक. जेवणाआधी मामी कठड्यावर भाताचा एक घास ठेवून कावळ्यांना बोलवायच्या. कावळा वेळेवर आला नाही तर मामा भुकेले बसून राहायचे आणि कावळ्यावर तमिळमध्ये चिडायचे. जेवायला डांगर पचडी, म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, भाताबरोबर आंबट सांबार, आणि भाजीत ओलं खोबरं इतकं की भाजी कोणती हे विचारून घ्यावं लागे. पहिला महिना मी भाकरीच्या आठवणीनं हैराण होते. दुसऱ्या महिन्यात माझं वजन वाढलं.

मला नोकरी मिळाली होती ती शोळिंगनल्लूरला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावरून उचलायची आणि अर्धवट खणलेल्या रस्त्यावरून, म्हशी आणि दलदल ओलांडत, एकदम एका काचेच्या इमारतीसमोर नेऊन सोडायची. प्रोग्रॅम लिहायला मला घेतलेलं नव्हतं. प्रोग्रॅम कसा वापरायचा हे लिहायला घेतलं होतं. गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळणारं सॉफ्टवेअर होतं, ते एका जर्मन कंपनीसाठी बनत होतं आणि त्याचं मॅन्युअल आमच्या गटाकडे होतं. मी प्रोबेशनवर होते. वडिलांनी निघतानाच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत कायम केलं तर राहा. नाहीतर परत ये. शाळेत प्रयोगशाळेची जागा आहे, मी शब्द टाकून ठेवलाय." वडील रागावून बोलत नसत, त्यामुळे ते बोललेलं बदलत नसे. प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मिरजेत माझ्या प्रत्येक संध्याकाळला चार साक्षीदार असत आणि चेन्नईत मी संध्याकाळी कुठे जाते हे फक्त कावळ्यांना माहीत होतं. मला चेन्नईतच राहायचं होतं.

आमच्या गटाच्या प्रमुख विजयालक्ष्मी. सगळे त्यांना विजी मॅडम म्हणत. केसांत गजरा, पायांत पळायचे बूट, डब्यात कायम दहीभात आणि बोलणं तारेसारखं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पान उघडून दिलं आणि म्हणाल्या, "मॅन्युअल इथे लिहायचं. हे विकी आहे. खुणा शिकून घे. एकच नियम. उघडलं की बंद कर." आणि गेल्या.

तेव्हा विकी हा शब्द मी ऐकलेला नव्हता. तिथे वर्ड नव्हतं, ठळक करायचं बटण नव्हतं. साधी अक्षरं टाइप करायची आणि मधे मधे विरामचिन्हांच्या खुणा पेरायच्या, मग जतन केलं की त्या खुणा नाहीशा होऊन पान नटूनथटून समोर यायचं. शब्द ठळक हवा तर त्याच्या आधी तीन आणि नंतर तीन अपॉस्ट्रॉफी. ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिली की यादी. आणि शब्दाभोवती दोन-दोन चौकटी कंस टाकले की त्या शब्दाची लिंक, म्हणजे त्या नावाच्या पानाकडे जायचं दार. पान अस्तित्वात असेल तर लिंक निळी. नसेल तर लाल. लाल लिंक दाबली तर विकी अदबीनं सांगायचं की हे पान अजून नाही, तुम्ही लिहाल का?

पहिलं पान मी एका दमात, कुठेही एंटर न दाबता लिहिलं, "महत्त्वाचे" या अर्थाचा एक शब्द ठळक केला आणि जतन केलं. त्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळंच ठळक झालं. मी ओरडतेय असं दिसत होतं. शेवटचे तीन अपॉस्ट्रॉफी राहिले होते. ते घातले. मग वाटलं, परिच्छेद पाडावेत. आमच्या शाळेत परिच्छेद सुरू करताना बोटभर जागा सोडायची शिस्त होती, ती नाही पाळली तर बाई वही परत करत. मी प्रत्येक परिच्छेदाआधी नीट जागा सोडली. जतन केलं, आणि प्रत्येक परिच्छेद एका तुटक रेघांच्या करड्या चौकटीत जाऊन बसला आणि तिथून एकाच ओळीत पडद्याबाहेर पळत सुटला. शेजारी बसणारा सेंदिल खुर्ची सरकवून बघायला आला. तो तिरुनेलवेलीचा, माझ्याच वयाचा, आणि दिवसभर पुढच्या खाण्याचा विचार करणारा. "हे तू काय केलंस?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "आमच्याकडे असंच शिकवतात," मी म्हणाले. "तुमच्याकडे परिच्छेदांना तुरुंगात ठेवतात?" ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा दिली की विकी त्याला चौकटीत घालतं, हे मला त्या दिवशी समजलं. शाळेच्या शिस्तीपैकी पुढे किती गोष्टी मला अशा सोडाव्या लागल्या याची गणती मी ठेवलेली नाही.

सराव करायला सँडबॉक्स नावाचं एक पान होतं, म्हणजे मुलांना खेळायला वाळूचा ढीग असतो तसं. तिथे काय लिहावं हा प्रश्न होता. गोदामाच्या सुट्या भागांवर सराव करायचा मला कंटाळा आला, म्हणून मी मामींचं स्वयंपाकघर लिहायला घेतलं. फळ्या, फळीवर डबे, प्रत्येक डब्याला स्वतःचं पान. आणि तिथेच मला लिंकमधली उभी रेघ कळली. कंसांच्या आत आधी खऱ्या पानाचं नाव लिहायचं, मग एक उभी रेघ, मग लोकांना जे दिसावं ते. वाचणाऱ्याला रेघेनंतरचं दिसतं, पण दाबलं की तो जातो रेघेआधीच्या पानावर. विकीच्या माहितीपुस्तिकेत हे दोनदा वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मामींच्या फळीकडे बघून शिरलं. बाहेर कॉफी, आत डांगर. बाहेर बिस्किटं, आत कॉफी. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत हिंग. मी झपाट्यानं एकेक लिंक बनवत गेले, दाबली की योग्य पानावर पोचत होते, आणि मला इतकी मजा वाटली की मी डब्यांच्या पानांवर पाककृतीही लिहून काढल्या. इंग्रजीत, अर्थात. डांगर पचडीच्या पानावर शेवटची सूचना होती: मामींना प्रमाण विचारू नये, त्या हात दाखवतात.

घरी मी मामींना सांगितलं की तुमचं स्वयंपाकघर कंप्युटरवर गेलंय. त्या तांदूळ निवडत होत्या. "कशाला?" त्यांनी विचारलं. मी कंस, रेघ, निळं, लाल, सगळं समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डब्यांत काय आहे तें कळायला झाकण काढायचं. एवढं लिहायचं कशाला?" त्यांचं चूक नव्हतं, म्हणून मी विषय सोडून दिला.

आता कोलमचा डबा. मामांना रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी तळलेलं, खारवलेलं बंद केलं होतं. मामींनी मामांचं खाणं बंद केलं, करणं बंद केलं नाही. "घरांत तळण नाहीं तर घर कां तें?" हा त्यांचा प्रश्न होता. त्या मुरुक्कु करायच्या, म्हणजे आपली चकली, फक्त जास्त खुसखुशीत आणि भाजणीशिवाय, आणि कोलमचं पीठ असं लिहिलेल्या उंच पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. कोलम हे बायकांचं काम, मामा त्या डब्याला आयुष्यात हात लावणार नव्हते. कोलमचं खरं पीठ साबणाच्या खोक्यात असे. घरात मी रुळले आहे असं मामींना वाटलं तेव्हा त्यांनी मला तो डबा दाखवला, मामा देवळात असताना. मला त्या घरात तेवढा मान दुसऱ्या कशानं मिळाला नव्हता. आणि मी ऑफिसात जाऊन त्या डब्याचं पान बनवलं. पानावर तीन वाक्यं होती: या डब्यात कोलमचं पीठ नाही. या डब्यात मुरुक्कु आहे. मामांना कळता कामा नये. शेवटचं वाक्य ठळक, आणि अपॉस्ट्रॉफी नीट बंद केलेले.

काही दिवसांनी माझ्या सांबाराच्या पानाखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं: तिरुनेलवेलीत असं करत नाहीत. मी सेंदिलकडे वळले. तो अजिबात ओशाळला नाही. "विकी म्हणजे काय समजलीस? सगळे बघतात. सगळ्या मजल्यानं वाचलंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पुढचं लिहिलं असतंस?"

मी क्षणभर विचार केला आणि पान तसंच ठेवलं. मामांच्या घरात कंप्युटर नव्हता. शोळिंगनल्लूर आणि नुंगंबाक्कम यांच्यात एवढं अंतर होतं की चकली तेवढी चालत जाणार नाही, असा माझा अंदाज होता.

दिवाळी जवळ आली आणि विजी मॅडमनी सांगितलं की जर्मन कंपनीतून गोदामाच्या प्रमुख बाई येणार आहेत, मॅन्युअल प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवायचं, आणि माझा भाग चांगला झाला तर कायम करण्याचं त्याच आठवड्यात ठरेल. माझा भाग म्हणजे गोदामातल्या फळ्या, कप्पे आणि कप्प्यात काय आहे ते. माझ्या लक्षात आलं, की हे मी आधीच लिहून बसले आहे. फळ्या, डबे, डब्यात काय आहे. मी मामींचं पान उचललं, त्याची नक्कल केली आणि लोकांना दिसणारी नावं एकामागून एक बदलत गेले. कॉफीच्या जागी ब्रेकचे भाग, बिस्किटांच्या जागी फिल्टर, कोलमच्या जागी परत आलेला माल. पान जतन केलं. एकही लिंक लाल नव्हती. सगळं पान निळंशार. मी सेंदिलला दाखवलं, तो म्हणाला, "फारच सुंदर," आणि आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो.

ते निळं का होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी बदललं होतं रेघेनंतरचं. रेघेआधीचं काही ठिकाणी राहून गेलं होतं. आणि मामींच्या डब्यांची पानं मी इतक्या निगुतीनं लिहून ठेवली होती की प्रत्येक दाराच्या आत खरोखर एक खोली होती. मी आळशी असते तर लिंका लाल दिसल्या असत्या आणि मी वाचले असते. आजही माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगते की लिंक निळी आहे याचा अर्थ ती कुठेतरी जाते, एवढाच. ती मुलं मान डोलावतात आणि नंतर एकमेकांकडे बघतात. हे ऐकून ऐकून त्यांना पाठ झालंय.

जर्मन बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात पेन्सिल. बंद खोलीत एसी इतका जोरात की विजी मॅडमच्या गजऱ्यातली फुलं हलत होती. माऊस मॅडमच्या हातात. त्या माझ्या पानावर आल्या, एक लिंक दाबली, बरोबर उघडली. दुसरी दाबली, बरोबर. मी श्वास सोडला. मग त्यांनी "परत आलेला माल" दाबलं. भिंतभर अक्षरांत आलं की या डब्यात कोलमचं पीठ नाही. खाली ठळक अक्षरांत, मामांना कळता कामा नये.

सेंदिल टेबलाखालचं काहीतरी शोधायला लागला. मला प्रयोगशाळेतल्या बाटल्या दिसल्या, ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर खरं नाव.

"मामा कोण?" जर्मन बाईंनी विचारलं.

विजी मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "माझे घरमालक," मी म्हणाले.

"त्यांना का कळता कामा नये?"

"रक्तदाब."

बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. विजी मॅडमनी सारवासारव करायचा प्रयत्नही केला नाही. त्या म्हणाल्या, "ही चूक आहे. ती कशी झाली हे हीच सांगेल." मी उभी राहिले. माझं इंग्रजी तेव्हा मिरजेचं होतं आणि घाबरले की जास्तच मिरजेचं व्हायचं. मी स्वयंपाकघर सांगितलं, डबे सांगितले, कॉफीच्या फिल्टरमधला लगदा सांगितला, रेघेआधी काय आणि रेघेनंतर काय ते सांगितलं. बाई पेन्सिल थांबवून ऐकत होत्या.

"म्हणजे डब्यावर एक लिहिलेलं आहे, आत दुसरंच आहे, आणि घरातल्या सगळ्यांना खरं काय ते माहीत आहे?"

"मामा सोडून," मी म्हणाले.

"आमच्या गोदामातही हेच चालतं," त्या म्हणाल्या. "तिथली मामा मी."

खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. विजी मॅडम हसल्या नाहीत. बाईंनी सांगितलं की आता हिच्या पानावरची प्रत्येक लिंक माझ्यासमोर दाबा. आणखी दोन ठिकाणी स्वयंपाकघर उघडलं. डांगर पचडीची कृती बाईंनी नीट वाचली आणि हात दाखवणं म्हणजे काय ते विचारलं. मी हात पसरून दाखवला. मग त्यांना जवळच्या कोवलमला, समुद्रावर, मासे खायला नेलं, आणि मला कुणी चला म्हटलं नाही.

जाताना मॅडम माझ्या टेबलापाशी थांबल्या. "शुक्रवारी ठरवायचं होतं. शुक्रवारपर्यंत पूर्ण मॅन्युअलमधली प्रत्येक लिंक दाबून बघ. प्रत्येक. मग बघू."

मी दाबत गेले. फक्त माझ्याच नाही, सगळ्यांच्या. बोट दुखलं की दुसरं बोट लावलं. डबा टेबलावरच खाल्ला. मामी रोज विचारायच्या, काय काम करतेस गे? आणि मी सांगायचे, झाकणं काढून बघते. हे त्यांना पटायचं. मॅन्युअलभर चुकीची दारं निघाली. छपाईच्या पानावर जायच्या ऐवजी लॉगिनवर जाणारी, स्वतःवरच परत येणारी, कंस एकच बंद केल्यामुळे उघडीवाघडी पडलेली. सेंदिलच्या निघाल्या तेव्हा मला अतोनात आनंद झाला. आणि गुरुवारी एक निघाली जी "वार्षिक तपासणी" म्हणून दिसत होती आणि नेत होती एका जुन्या पानावर, जिथे फक्त लिहिलेलं होतं: हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. प्रत्येक पानाचा इतिहास विकी जपून ठेवतं, कुणी काय लिहिलं ते नावासकट. मी इतिहास उघडला. नाव विजी मॅडमचं होतं.

सेंदिल म्हणाला, "गुपचूप दुरुस्त कर आणि गप्प बस. कायम व्हायचंय ना?" सल्ला वाईट नव्हता. पण मला तो पटेना. त्या "प्रत्येक" म्हणाल्या होत्या, आणि मी एक सोडली असं उद्या इतिहासातच दिसलं असतं. शुक्रवारी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन ते पान उघडलं.

"एन्न मा इदु," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, हे काय आहे गं. "हे कुणी केलंय?"

"इतिहासात तुमचं नाव आहे, मॅडम."

"दुरुस्त का नाही केलंस?"

"तुम्हाला दाखवून मग करणार होते. प्रत्येक म्हणाला होतात."

त्यांनी माऊस स्वतःकडे ओढला, रेघेआधीचं नाव बदललं, जतन केलं, दाबून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सरि, ठीक आहे. कायम. लिंक तपासायचं काम यापुढे तुझं. माझ्यासकट सगळ्यांचं." आणि दहीभाताचा डबा उघडला.

मी खाली जाऊन वडिलांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे तू नेमकं करतेस काय तिथं?"

"लोकांनी उघडे टाकलेले कंस बंद करते."

"त्याला कायम करतात?" मग म्हणाले, "बरं. शाळेला कळवतो." फोन ठेवताना त्यांनी जेवणाचं विचारलं, म्हणजे राग नव्हता.

फोनच्या नादात माझी बस गेली. सेंदिलनं मला मोटरसायकलवरून नुंगंबाक्कमला सोडलं. सोडायला आलेल्या माणसाला कॉफी दिल्याशिवाय मामी जिना उतरू देत नसत. मामा समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्राच्या मागे होते. मी बातमी सांगितली, मामींनी माझ्या गालांवरून हात उतरवून बोटं मोडली, मामा वर्तमानपत्रामागून "शाब्बास" म्हणाले. सगळं फार चांगलं चाललं होतं. मग सेंदिलनं कॉफीचा घोट घेतला आणि घरच्या माणसासारखा आपुलकीनं विचारता झाला, "मामी, कोलम डब्बाला मुरुक्कु इरुक्का?" कोलमच्या डब्यात चकली आहे का?

वर्तमानपत्र खाली आलं. "कोलमच्या डब्यांत?" मामा म्हणाले.

मामींनी सेंदिलकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं. "लिहिलेंस?"

"सराव म्हणून, मामी."

"कोण वाचलें?"

"ऑफिसनं," मी म्हणाले. आणि खरं काय ते एकदाच सांगून टाकावं म्हणून, "आणि जर्मनीनं."

मामा उठले. स्वयंपाकघरात गेले, पत्र्याचा उंच डबा घेऊन आले आणि टीपॉयवर ठेवला. आधी सेंदिलपुढे धरला, मग स्वतः एक चकली घेतली, दोन तुकडे केले आणि फार सावकाश खाल्ली. "रोज सकाळीं दारांत कोलम बघतों," ते म्हणाले. "डबा फळीवरून हलत नाहीं, तरी मी विचारलों नाहीं. बँकेंत मला हुशार म्हणत होते." मामी म्हणाल्या, "एकच. दुसरी घेतलांत तर डॉक्टरला सांगेन." मामांनी दुसरी घेतली. ग्राइंडर चालू नव्हता, तरी त्या दिवशी दोघं सर्वांच्या समोर भांडले, आणि सेंदिलनं त्या भांडणाच्या आडोशानं बरंच खाऊन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोलमच्या डब्याचं झाकण काढलं. आत कोलमचं पीठ होतं. कॉफीच्या डब्यात कॉफी, बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं, म्हणजे मामींनी मुद्दाम आणली असावीत. साऱ्या स्वयंपाकघरात एकही खोटा डबा उरला नव्हता आणि चकली कुठेच नव्हती. मी मामींना विचारलं. त्या कठड्यावर कावळ्याचा घास ठेवत होत्या.

"लिहिणाऱ्या माणसाला सांगायचं नाहीं," त्या म्हणाल्या.

त्या चकल्या करत राहिल्या. मी त्या घरात होते तोवर मामा बाहेर गेले की मामी मला म्हणायच्या, "भिंतीकडे तोंड कर." मी करायचे. मागे कुठेतरी झाकण वाजायचं आणि मी वळायचे तेव्हा ताटलीत चकली असायची. आवाजावरून मी अंदाज बांधून पाहिले, रविवारी एकटी असताना पिंपापासून पाटावरवंट्याच्या मागपर्यंत शोधलंही. सापडलं नाही.

त्या भांडणानंतरच्या सोमवारी ऑफिसात जाऊन मी सँडबॉक्समधलं स्वयंपाकघर दुरुस्त केलं. कॉफीच्या डब्यात कॉफी, कोलमच्या डब्यात कोलम, सगळ्या उभ्या रेघा काढून टाकल्या, त्यांची गरज उरली नव्हती, आणि चकलीचं ते तीन वाक्यांचं पान पुसलं. शेवटी चौकटी कंसांत मुरुक्कु लिहिलं, कंस बंद केले आणि जतन केलं. ती लिंक लाल आली. लिंक तपासायचं काम माझं होतं, आणि लाल लिंक ठेवायची नाही हा नियम मीच त्या सकाळी केला होता. मी ती दाबली. विकीनं अदबीनं सांगितलं की हे पान अजून नाही, तुम्ही लिहाल का? मी थोडा वेळ कर्सरकडे बघितलं, पान बंद केलं, आणि ती लिंक लालच राहू दिली.